इंदूरहून सहा जणांची जंगल सफारी ३५ हजारांत बसेल का?

सुदामानगरची_सून

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर त्यानंतर लगेच एखादं नॅशनल पार्क करायचं डोक्यात आहे. आम्ही सहा जण, आम्ही दोघं, मुलगा ११ चा, मुलगी ६ ची आणि सासू-सासरे. सासरे ७२ चे आहेत पण ठणठणीत, सासूबाईंची कंबर मात्र नाजूक, तासभर गाडीत बसल्या की उतरून पाय मोकळे करावेच लागतात. बजेट ३५ हजार, त्यात येणं-जाणं, राहणं, खाणं, सफारी सगळं आलं. मुलाला वाघ बघायचाय, सासऱ्यांना वाटेत एखादं देवदर्शन झालं तर हवंय, आणि नवऱ्याला ऑफिसचा फोन लागणार नाही अशी कुठलीही जागा चालेल. एका ट्रॅव्हलवाल्याला विचारलं तर त्यानं कान्हाचं पॅकेज सांगितलं, रिसॉर्टमधे स्विमिंग पूल वगैरे, आकडा ऐकून मी फोनच ठेवला. कान्हा, पेंच, बांधवगड, सातपुडा, यातलं नेमकं काय घ्यावं? आजी-आजोबांना घेऊन इंदूरहून कोणी गेलंय का? खरा खर्च सांगा, ब्रोशरमधला नको.

रामबागकर

ताई, तुम्ही सहा जण आहात हेच तुमचं मोठं भाग्य समजा. आपल्याकडे एमपीत पूर्ण जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, घेतली की खर्च माणशी नसतो, गाडीमागे असतो, आणि एका जिप्सीत सहाच टूरिस्ट बसतात. परमिट वेगळं, गाईडचे पैसे वेगळे, जिप्सीचं भाडं वेगळं, असे तीन हिशोब असतात आणि लोक नुसतं परमिट बघून खूष होतात. तिन्ही धरले की कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागातली, एक फेरी सात हजारांच्या आसपास जाते, थोडं इकडेतिकडे, ताजा दर बुकिंगच्या वेळी बघून घ्या. तिघं गेले तरी तेवढेच, सहा गेले तरी तेवढेच. म्हणजे तुम्हाला माणशी बाराशेच्या आत-बाहेर पडतं आणि नवरा-बायको दोघंच गेलेली जोडी तेवढ्याच फेरीचे तिप्पट मोजते.

आता कान्हा आणि बांधवगड यादीतून खोडा. दोन्ही सुंदर आहेत, पण इंदूरहून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, एक अख्खा दिवस जाण्यात आणि एक येण्यात, सासूबाईंच्या कंबरेनं तेवढं का सोसावं. आणि तो पूल बघायला आपण जंगलात जात नाही. सकाळी सफारी, दुपारी झोप, परत सफारी, रात्री नऊला सगळे आडवे, पुलात उतरणार कधी? पैसा जिप्सीवर घाला, खोलीवर नको.

छप्पनवाला_भिया

मुलाला वाघ बघायचाय म्हणते ना ताई, मग पेंच. वाद संपला. २०२२ च्या गणनेत आपल्या एमपीत ७८५ वाघ निघाले, देशात एक नंबर, आणि तरी तुम्ही लोक गवे बघायला सातपुड्यात पाठवणार हे मला आत्ताच दिसून राहिलंय. वंदे भारत सकाळी इंदूरहून निघते, नागपूरला उतरायचं, तिथून तुरिया गेट दोन-अडीच तासांत. तुरिया, कर्माझिरी, जमतरा असे गेट आहेत, तुरियाला गर्दी जास्त पण राहायच्या जागाही तिथेच सगळ्या भावात मिळतात. ती कॉलरवाली वाघीण पेंचचीच, २९ बछडे दिले तिनं, जानेवारी २०२२ मधे गेली तेव्हा गावच्या लोकांनी तिच्यावर अंत्यसंस्कार केले, फोटो बघितले असतील सगळ्यांनी. तिचीच पिलावळ आज तिथे फिरून राहिली.

रामबागकर

भिया, वंदे भारतची सहा तिकिटं नागपूरपर्यंत, जाऊन-येऊन, वर नागपूर ते तुरिया टॅक्सी दोन्ही वेळा. ३५ पैकी सफारीला काय उरतं ते कागदावर मांडून दाखव.

छप्पनवाला_भिया

मी वाघाचं बोलत होतो, हिशोबाचं तुम्ही बघा 😄

देनवाकाठ

मी सोहागपूरकडे नोकरीला होतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादाकडे जा.

तुमच्यासाठी सातपुडा, आणि सातपुड्यात मढईचं गेट. इंदूरहून भोपाळमार्गे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर होतात. सोहागपूरहून आत वळलं की देनवा नदी लागते, तवा धरणाचं पाणी मागे फुगलेलं असल्यामुळे ती तिथे तळ्यासारखी पसरलेली आहे. जिप्सी पलीकडच्या काठावर उभ्या असतात, आपण अलीकडून बोटीनं जायचं. पोरांना तर ही बोटच निम्मी ट्रिप वाटते. थंडीत पहाटे पाण्यावर वाफ असते आणि काठाच्या चिखलात मगर पडलेली असली तर गाईड दाखवेपर्यंत ती लाकडाचा ओंडकाच वाटते.

आत गेल्यावर गवे बघा. पूर्ण वाढलेला नर रस्त्यात आडवा उभा राहिला की जिप्सी लहान वाटते, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे त्याचे पाय, आणि तो आपल्याकडे बघून हलत नाही, आपणच मागे व्हायचं. अस्वलं सातपुड्यात बऱ्यापैकी दिसतात. वर झाडात शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, इथेही आहे, लांबलचक शेपटी खाली सोडून बसलेला. बारासिंगेसुद्धा आहेत आता. १९७० च्या सुमाराला कान्ह्यात ते जेमतेम ६६ उरले होते, कुंपणात ठेवून, गवताळ मैदानं वाढवून वाचवले, आणि त्यातले काही मग सातपुड्यात आणून सोडले. जी गावं जंगलाबाहेर वसवली त्यांची शेतं आता कुरणं झालीत, तिथे चरतात. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट जायच्या आधी सांगून ठेवा, मग बघा तो काय काय शोधतो.

शिवाय याच व्याघ्र प्रकल्पात बोरीचं जंगल येतं, १८६५ पासूनचं राखीव, देशातलं सगळ्यात जुनं. सागाची झाडं बघून सासऱ्यांना बरं वाटेल, त्या पिढीला लाकडाची पारख असते.

वाघ आहे का, तर आहे. दिसेल का, तर पेंचपेक्षा शक्यता कमी, खोटं कशाला बोलू. पण पेंचमधे वाघ निघाला की एका वळणावर सगळ्या जिप्सी जमतात आणि मागच्या गाडीतल्याला पुढच्या गाडीतल्याची टोपी दिसते. मढईला गाड्या कमी, जे दिसतं ते निवांत बघायला मिळतं. एक सांबर ओरडलं की गाईड इंजिन बंद करायला लावतो, मग पाच-दहा मिनिटं कोणी बोलत नाही, सहा वर्षांची पोरसुद्धा श्वास धरून बसते. चितळ काय, कशालाही बिचकून ओरडतात, लंगूरही बिबट्याला बघून बोंबलतं, पण सांबर उगाच ओरडत नाही. हे ऐकायला शिकवलं की वाघ न दिसलेली फेरी पोरांना फुकट गेल्यासारखी वाटत नाही.

ग्वाल्हेरची_माई

आमच्याकडे या की मग, शिवपुरीचं माधव नॅशनल पार्क. शिंद्यांची शिकारगाह होती, सख्या सागर तलावात मगरी, वर टेकडीवर जॉर्ज कॅसल, आणि मार्च २०२५ मधे व्याघ्र प्रकल्पही झालं. शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, बघायच्या आणि संध्याकाळी ग्वाल्हेरला माझ्याकडे जेवायला, आम्ही असंच करतो दरवेळी. चित्त्यांसाठी म्हणून कुनोला मात्र नुसत्या आशेवर जाऊ नका बरं. सप्टेंबर २०२२ मधे नामिबियाहून आठ आले, मग फेब्रुवारी २०२३ मधे दक्षिण आफ्रिकेहून बारा, सगळे ऐकतात आणि निघतात. जंगल छान आहे, चित्ता दिसणं नशिबाचं.

बडोदेकर_पराग

विषय एमपीचा आहे, पण बडोद्याकडे नातेवाईक असतील तर भावनगरजवळचं वेळावदर लक्षात ठेवा. काळविटांचं नॅशनल पार्क, फक्त ३४ चौरस किलोमीटर, सगळं सपाट गवत, काळवीट उड्या मारत धावतात ते लांबूनच दिसतं. आम्ही गेलो तेव्हा स्वतःचीच गाडी आत नेता आली, त्यामुळे खर्च फारच कमी. थंडीत संध्याकाळी भोवत्या पक्ष्यांचे थवेच्या थवे गवतात उतरतात, आमच्या आईला सिंहापेक्षा तेच जास्त आवडलं. गीर करायचं तर देवळिया आटोपशीर पडतं. वेळावदर आणि गीरचं मुख्य जंगल १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, तेवढं बघून ठरवा.

सुदामानगरची_सून

बापरे, किती माहिती! देनवाकाठ, तुमचं वाचून दाखवलं, मुलगा आत्तापासून सांबराचा आवाज काढतोय, शेजारचे विचारून गेले काय झालं म्हणून. मन मढईकडे झुकलंय. पण शंका राहिल्यात. जिप्सी उघडी असते ना, सासूबाईंना धक्के किती बसतात? साडेतीन-चार तास आत बाथरूमचं काय? आणि परमिट कुठून काढायचं, तो ट्रॅव्हलवाला म्हणाला तुम्हाला ऑनलाईन जमणार नाही, मीच काढून देतो.

लोकमान्यनगरच्या_आजी

धक्क्याचं मी सांगते, माझीही कंबर त्याच वळणाची आहे. जिप्सीत मागची सीट उंच असते, दिसतं छान पण खड्डा आला की माणूस हवेत. ड्रायव्हरच्या मागची जी पहिली रांग तिथे सासूबाईंना बसव, पोरं मागे बसू देत, त्यांना उडायला आवडतंच. कंबरेचा पट्टा घरूनच बांधून निघायचं, आत गेल्यावर नाही. आणि एक उशी घ्यायची, हसू देत लोक. मी घरची छोटी तक्के-उशी नेली, परत येताना गाईडच म्हणाला अम्माजी अगली बार मेरे लिये भी लाना.

बाथरूम आत ठरलेल्या थांब्यावरच असतं, मधे कुठेही उतरायची बंदी. म्हणून पहाटे चहा अर्धा कप, जास्त नाही. थंडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. नोव्हेंबरात इंदुरात आपण पंखा लावून झोपतो, तिथे पहाटे उघड्या गाडीत वारा कानातून आरपार जातो. कानटोपी, मफलर, हातमोजे, आणि खोलीवरचा रग सरळ उचलून गाडीत न्यायचा, सगळे नेतात. नऊ वाजता ऊन आलं की हेच सगळं नकोसं होतं, म्हणून एकावर एक घालायचं. रंग मातकट, हिरवे. तुझ्या सासूबाईंना ती लाल बांधणी नेसू देऊ नको.

खाण्याचं म्हणशील तर दशम्या, दाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं घेऊन निघ, पहिल्या दिवसाचा ढाब्याचा खर्चच वाचतो.

रामबागकर

परमिट स्वतः काढा, एमपी ऑनलाईनच्या वनविभागाच्या पोर्टलवरून, रेल्वेचं तिकीट काढता येतं त्याला हेही येतं. सरकारी वाटाव्यात अशा नावांच्या खाजगी साईटी पुष्कळ आहेत, त्या तेच परमिट वर पैसे लावून देतात, तेव्हा पत्ता नीट वाचा. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र जे टाकाल तेच गेटवर अस्सल दाखवावं लागतं, मुलांची आधार कार्डंसुद्धा, मोबाईलमधला फोटो दाखवून हुज्जत घालत बसू नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एजंटनं परमिट आहे-आहे म्हणत शेवटी बफरचं, म्हणजे कोअरबाहेरच्या पट्ट्याचं, हातात ठेवलं आणि पैसे कोअरचे घेतले. कागदावर झोनचं नाव असतं, पैसे देण्याआधी ते बघायचं.

तारखा. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, १ ऑक्टोबरला उघडतं. दिवाळीच्या आठवड्यात जाऊच नका, अर्धी मुंबई आणि सगळं नागपूर तेव्हा जंगलात असतं, खोल्यांचे भाव दुप्पट. देवदिवाळी होऊ द्या, मग सोमवार-मंगळवार-बुधवार धरा. शाळा बुडेल तीन दिवस, बुडू द्या, शाळेत बारासिंगा दिसत नाही. बुधवारी संध्याकाळची फेरी बंद असते, तोच परतीचा दिवस ठेवा.

हिशोबनीस

कोणीतरी विचारलं होतं म्हणून मांडतो. ट्रेन स्वस्त दिसते, पण जबलपूरकडच्या ओव्हरनाईटनं गेलात तर पिपरियाला उजाडायच्या आत उतरवते, थंडीत दोन म्हातारी माणसं आणि दोन झोपलेली पोरं घेऊन प्लॅटफॉर्मवर काय करणार. वंदे भारतनं इटारसीला उतरायचं तर सहा तिकिटं दोन्ही बाजूंची आणि वर टॅक्सी, बेरीज वाढते. सहा माणसांना ड्रायव्हरसकट अर्टिगा घेणं परवडतं, तीन दिवस, बाराएक हजार धरा, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता आधी बोलून घ्या नाहीतर परतल्यावर वाद. सामान कॅरियरवर.

सफारी एक कोअर आणि एक बफर. बफरचं परमिट स्वस्त असतं, जंगल तेच, वाघाला कोअरची रेघ माहीत नसते. दोन्ही मिळून बारा-साडेबारा. होमस्टेच्या दोन खोल्या, दोन रात्री, सहा हजार, सोहागपूर ते मढई रस्त्यावर मिळतात, घरचं जेवण सांगून ठेवलं की तेही आटोपशीर. जेवणखाण, बोट, किरकोळ धरून चार. झाले ३५ ला जरा कमी, आणि उरलेलं गाईडच्या टिपेला. हे माझे अंदाज आहेत, हजार-दोन हजार वरखाली होतील. तिसरी सफारी घुसवू नका, बजेटही जाईल आणि सहा वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी जिप्सीत झोपून जाईल.

देनवाकाठ

गाडीनं जाताय तर वाट अशी धरा. पहाटे पाचला इंदूर सोडायचं, भोपाळ शहरात शिरायचं नाही, सरळ भोजपूर. राजा भोजाच्या काळातलं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर, पिंड एवढी मोठी की मान वर करून बघावी लागते, सासऱ्यांचं देवदर्शन तिथेच झालं. मग भीमबेटका, नर्मदापुरमच्या वाटेवरच आहे. १९५७ मधे रेल्वेतून जाताना ते खडक बघून आपले पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर तिथे उतरले आणि ती गुहाचित्रं जगासमोर आली, हे आपल्या माळव्यातल्या मराठी माणसांनी तरी पोरांना सांगायलाच हवं. शेजारचं रातापाणीचं जंगल डिसेंबर २०२४ मधे व्याघ्र प्रकल्प झालं, त्याला आता वाकणकरांचंच नाव आहे. भीमबेटक्याला चालायची वाट सोपी आहे, सासूबाईंचे पायही मोकळे होतील. संध्याकाळपर्यंत मढई.

परतताना नर्मदापुरमला सेठानी घाटावर थांबा, नर्मदामाईत पाय बुडवा, फुकट आहे.

छप्पनवाला_भिया

आणि मुलगा परत येऊन म्हणाला वाघ कुठाय, मग?

लोकमान्यनगरच्या_आजी

मग त्याला भोपाळच्या वनविहारला ने की रे एखाद्या रविवारी. तेही नॅशनल पार्कच आहे, १९८३ पासून, बडा तलावाच्या काठाला. इकडून तिकडून सोडवून आणलेले वाघ, अस्वलं मोठ्या आवारात ठेवलेत, सायकल भाड्यानं मिळते. आणि तुम्ही इंदूरची पोरं राळामंडळला तरी गेलात का कधी? होळकरांची शिकारकोठी वर टेकडीवर आहे, चढून जायचं, मोर दिसतात, नीलगाय दिसते. सहा वर्षांच्या पोरीला जंगलात गप्प बसायची सवय तिथे आधी लाव, मग मढईला ने.

सुदामानगरची_सून

आजी, पुढच्या रविवारी राळामंडळ नक्की. बाकी अपडेट देते. नवऱ्यानं काल रात्री बसून परमिट काढलं, मंगळवार सकाळ मढई कोअर, दुपार बफर. सोमवार कोअरसाठी मिळालाही असता पण त्या दिवशी पोचायलाच संध्याकाळ होणार. अर्टिगावाला साडेअकरात तयार झाला, टोल त्याच्याकडे. सासरे भोजपूरवर खूष आहेत, म्हणे पचमढीचा महादेव पुढच्या वर्षी नागद्वारीच्या यात्रेच्या वेळी करू, मी सध्या ऐकलं न ऐकलं केलंय. मुलानं वाघ दिसला नाही तर पेंच असा करार लिहून घेतलाय आजोबांकडून, सहीसकट.

एकच राहिलं. होमस्टेवाले म्हणतात तिकडे मोबाईलला रेंज धड येत नाही, खरं का?

देनवाकाठ

नदीपलीकडे तर अजिबातच नाही. नवऱ्याला सांगा, पण त्यांच्या ऑफिसला आधी कळवू नका.

हिशोबनीस

पैसे सोहागपूरलाच काढून ठेवा मग. रेंज नाही म्हणजे ऑनलाईन पेमेंटही नाही, जिप्सीवाला आणि गाईड दोघांनाही रोख द्यावी लागेल, सुटे घेऊन जा.